कात्री लावण्याआधी इसार
(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला तेव्हा सांगितलं होतं, 'फ्रीलान्सिंग कसं सुरू करावं यावर बोला.' मी म्हटलं, सुरू कसं करावं हे यूट्यूबवर हजार जण सांगतात. मी ते अचानक संपतं तेव्हा काय करायचं, यावर बोलतो. इथे बसलेल्यांपैकी कुणी डिझाइन करतं, कुणी कोडिंग, कुणी भाषांतर, कुणी व्हिडिओ एडिटिंग. मघाशी हात वर करायला सांगितले, तर निम्म्याहून जास्त जणांचं काम कधी ना कधी अर्ध्यावर तुटलेलं होतं. आणि त्या वेळी हातात लेखी काही होतं, असे हात फक्त दोन. म्हणून आज मी माझीच गोष्ट सांगतो. तिच्यात मी फार शहाणा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इंजिनीअरिंग झाल्यावर मी पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि 2019 मध्ये ती सोडून गावी आलो. अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे. वर राहायला घर, खाली दुकान. माझं टेबल वरच्या खोलीत. सुरुवातीला छोटी कामं मिळाली, मग मोठी. 2023 मध्ये एका कंपनीचं सहा महिन्यांचं काम मिळालं, महिना 1 लाख 20 हजार. आमच्या घरात एवढा आकडा महिन्याला कधी आला नव्हता. मी गाडीचा हप्ता सुरू केला. कामाचा व्याप मोठा होता म्हणून मिरजेच्या एका मुलीला टेस्टिंगसाठी सोबत घेतलं. नुकती पदवीधर झालेली, हुशार, घरून काम करणारी. तिला महिना 18 हजार देतो म्हणालो. सगळं फोनवर ठरलं.

अडीच महिने झाले. पहिल्या महिन्याचे पैसे वेळेवर आले. दुसऱ्या महिन्याचं बिल पाठवलं होतं, ते 'प्रोसेसमध्ये' होतं. एका गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. अर्थ असा, की कंपनीने प्रकल्प थांबवला आहे, आजपासून काम बंद करावं, सहकार्याबद्दल धन्यवाद. मी उत्तर लिहीपर्यंत स्लॅकमधून माझं खातं निघालेलं होतं. पाच मिनिटांनी कोडच्या रिपॉझिटरीचा दरवाजाही बंद झाला. अडीच महिन्यांचं माझं काम त्या दरवाजाच्या आत आणि मी बाहेर.

त्या रात्री मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या. पहिली, घरात कुणाला सांगितलं नाही. दुसरी, मिरजेच्या त्या मुलीला मेसेज टाकला, 'सध्या काम थांबलंय, पैसे आले की देतो.' म्हणजे मला जसं कळवलं गेलं, हुबेहूब तसंच मी तिला कळवलं. तिचं दीड महिन्याचं, 27 हजारांचं काम झालेलं होतं. तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे सर. पण मी भिशीत नाव घातलंय.' मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. एरवी मी जुम्म्याची नमाज झाली की धावत घरी यायचो, कारण अडीच वाजता कंपनीचा कॉल असायचा. त्या दिवशी मशिदीच्या बाहेर उगीच रेंगाळत बसलो. अब्बा काही बोलले नाहीत. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी वर जाऊन लॅपटॉप उघडून बसत होतो. समोर काही नसायचं. पाचव्या दिवशी दुकानात चहा पिताना अब्बांनी विचारलं, "काम बंद झालं ना?" मी मान डोलावली. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "लिखके लिया नै क्या?"

मी म्हटलं, अब्बा, आमच्या धंद्यात असं नसतं. ते विश्वासावर चालतं.

अब्बांनी काउंटरखालची वही काढली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी शिवणकाम असेल तर ती वही तुम्हाला माहीत असेल. नाव, छाती, कंबर, बाही, कपडा किती मीटर, कधी द्यायचा, ठरले किती, आले किती. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, सख्खे शेजारी आहेत, तरी प्रत्येकाचं लिहिलेलं. आणि अर्धे पैसे हातात आल्याशिवाय अब्बा कपड्याला कात्री लावत नाहीत. त्याला ते इसार म्हणतात. जमिनीच्या सौद्यात इसार पावती असते ना, तोच शब्द. त्यांचं म्हणणं साधं आहे, कात्री लावली की कापड परत जोडता येत नाही. नुकसान कुणाचं, हे कात्री लावण्याआधी ठरलं पाहिजे.

त्या वहीत एक जुनं पान होतं. एका मुलाच्या लग्नाची शेरवानी शिवायला आली आणि मध्येच लग्न मोडलं. मुलाचे वडील सांगायला आले तेव्हा कटिंग झालं होतं, अस्तर लागलं होतं, एक बाही जोडलेली होती. अब्बांनी तेवढ्या कामाची मजुरी मोजली, ती इसारातून वळती केली आणि उरलेले तीनशे रुपये परत दिले. पानावर तसं लिहिलेलं आहे. भांडण नाही, कटुता नाही. तो माणूस दोन वर्षांनी त्याच मुलाच्या लग्नाची दुसरी शेरवानी शिवायला आमच्याकडेच आला.

मित्रांनो, मोठमोठ्या कंपन्यांचे वकील पंधरा पानं खर्च करून जे लिहितात, ते या एका पानात होतं. काम मध्येच थांबवायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. लग्न मोडू शकतं, प्रकल्प बंद पडू शकतो, कंपनीचा पैसा आटू शकतो. पण थांबवलं त्या दिवसापर्यंतच्या कामाची मजुरी ही कारागिराची. चौथी पास असलेल्या अब्बांना हे माहीत होतं आणि इंजिनीअर झालेल्या मला नव्हतं.

मग मी तो 'वर्क ऑर्डर' नावाचा एक पानी कागद शोधून काढला. कामाच्या पहिल्या दिवशी मी न वाचताच त्यावर सही करून पाठवली होती. त्यात एक ओळ होती, की कोणताही पक्ष कोणत्याही वेळी पूर्वसूचना न देता काम संपवू शकतो. संपवल्यावर झालेल्या कामाचे पैसे किती दिवसांत द्यायचे, याबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणजे फसवलं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. अर्धं त्यांनी लिहून दिलं होतं, अर्धं मी विचारलं नव्हतं.

इथे थोडं थांबून आपल्याबद्दल बोलतो. आपल्याकडे लिहून मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं समजलं जातं. 'आपलाच माणूस आहे, भाईचारा आहे, कागद कशाला?' आता गंमत बघा. कुरआनमधली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. सूरह अल-बकराची 282वी आयत ही मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी ती पाठ म्हटलेली असते. मी तर मदरशात सुंदर म्हणून दाखवून बक्षीस मिळवलं होतं. पण अर्थ अब्बांच्या वहीत होता, आणि त्यांनी तो कधी बोलून दाखवला नव्हता.

आपली चळवळ मुलींना सांगते, निकाहनाम्यात अटी लिहून घ्या. निकाह हा करार आहे, मग करारात स्त्रीच्या बाजूनेही काही लिहिलेलं असू दे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. ज्या बायकांना फोनवर, चिठ्ठीवर तलाक दिला गेला, त्यांच्या दुःखाशी माझ्या थांबलेल्या कामाची तुलना मी करणार नाही. ती करणं शोभणार नाही. पण मेसेज वाचला तेव्हा एवढं मात्र कळलं, की नातं तोडायची सगळी ताकद एकाच बाजूला असली की दुसऱ्या बाजूला काय वाटतं. व्यासपीठावरून निकाहनाम्यावर बोलणारा मी, स्वतःच्या कामाचा नामा वाचत नव्हतो.

आता तुम्हा सगळ्यांच्या मनात असलेला एक प्रश्न. मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने तो विचारला, हळूच. 'सर, तुम्हाला असं वाटलं नाही का, की नावामुळे झालं?'

वाटलं. पहिल्याच रात्री वाटलं. प्रकल्पाच्या ग्रुपमध्ये माझ्यासारख्या नावाचा मी एकटाच होतो. ज्याला पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन कट झाल्याचा अनुभव आहे, त्याला असं वाटणारच. त्याला 'तुझा भ्रम आहे' असं कुणी म्हणू नये. पण दोन आठवड्यांनी मला कळलं, की त्याच संध्याकाळी आणखी तिघांना तोच मेसेज गेला होता आणि त्यांच्यात एकही मुसलमान नव्हता. त्यांची बिलंही अडकली होती. दोन आठवडे मी एकटाच जळत बसलो. त्याच दिवशी त्या तिघांना फोन केला असता, तर आम्ही चौघे मिळून पत्र लिहू शकलो असतो. भेदभाव असतो. तो दिसला तर त्याविरुद्ध बोलायचं, लपवायचं नाही. पण पुरावा नसताना तो प्रश्न उशाशी घेऊन झोपलात तर नुकसान तुमचं होतं. दोन्ही परिस्थितींत उपाय एकच आहे. कागद सांभाळा आणि सोबतच्या माणसांशी बोला.

तर मेसेज आला. पुढचे दोन दिवस काय करायचं? मी जे उशिरा केलं ते तुम्ही लगेच करा.

पहिलं, रागात उत्तर देऊ नका. तासभर थांबा, मग ई-मेल लिहा. व्हॉट्सअॅपवर नाही, ई-मेल. त्यात लिहा, की तुमचा अमुक तारखेचा, अमुक वाजताचा संदेश मिळाला. आजपर्यंत ही ही कामं पूर्ण झाली, हे अर्धं झालं आहे, इतकी रक्कम येणं आहे. चार ओळी, सभ्य भाषेत. हे पत्र उद्या तुमचा साक्षीदार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करारही वैध असतो. म्हणजे तुमचे जुने ई-मेल, 'हो, सुरू करा' असं लिहिलेला मेसेज, हे सगळं मिळून करार उभा राहू शकतो. ते स्क्रीनशॉट आणि ई-मेल एका फोल्डरमध्ये ठेवा.

दुसरं, न पाठवलेलं बिल त्याच दिवशी पाठवा. अर्ध्या महिन्याचं का असेना. माझं ते राहिलं. 60 हजारांचं बिल मी 'आधी जुनं येऊ दे' म्हणून महिनाभर पाठवलंच नाही.

तिसरं, सूड घेऊ नका. आपल्या लाइनमध्ये मोह होतो, सर्व्हरचा पासवर्ड आपल्याकडे आहे, बंद करून टाकू, कोड पुसून टाकू. असं चुकूनही करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेतली माहिती पुसणं किंवा बिघडवणं हा त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तुम्ही येणेकरी असता आणि एका रात्रीत आरोपी होता.

चौथं, घरी सांगा. त्याच दिवशी. मी पाच दिवस लपवलं. त्या पाच दिवसांत पत्नीने मुलीच्या शाळेची वर्षाची फी भरून टाकली. सांगितलं असतं तर तिने दोन हप्त्यांत भरली असती. आपल्या घरांत कमावत्या मुलाने 'काम गेलं' म्हणणं म्हणजे अब्रू गेली, असं असतं. अब्रू जात नाही. पैसे मात्र जातात, न सांगितल्यामुळे.

आता कायदा. मी वकील नाही. जे मला कामाला आलं आणि जे उशिरा कळल्यामुळे कामाला आलं नाही, तेवढंच सांगतो.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. तोंडी करारही करारच असतो, अडचण सिद्ध करण्याची असते. त्याच कायद्याचं कलम 70 सांगतं, की फुकट करण्याच्या इराद्याने नव्हे अशा रीतीने तुम्ही कुणासाठी काम केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. आणि केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. म्हणजे 'आता काय उपयोग' म्हणून सहा महिन्यांत सोडून देऊ नका.

मला तारलं ते टीडीएसने. कंपनी बिल मंजूर करून हिशोबात धरते तेव्हा त्यावर कर कापून सरकारकडे भरते आणि तो तुमच्या पॅनवर दिसतो. अब्बा म्हणत होते, त्यांच्या वहीत तुझं नाव असेलच. मी आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं, तर दुसऱ्या महिन्याच्या बिलावरचे 12 हजार माझ्या नावावर भरलेले होते! म्हणजे तोंडाने 'बिल तपासतोय' म्हणत होते आणि हिशोबात ते देणं मान्य करून बसले होते. वकिलाच्या नोटिशीत तेवढा मुद्दा घातला. पाच महिन्यांनी उरलेले 1 लाख 8 हजार आले. उशिरा पाठवलेल्या बिलाचे 60 हजार आजतागायत आले नाहीत.

जे कामाला आलं नाही ते अधिक महत्त्वाचं आहे. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा. आपल्याला वाटतं हा कारखान्यांसाठी आहे. पण एकटा बसून सेवा देणारा माणूसही सूक्ष्म उपक्रम म्हणून नोंदणी करू शकतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते, एक रुपया लागत नाही. कुणी पैसे मागत असेल तर ते संकेतस्थळ खरं नाही. या कायद्याच्या कलम 15 नुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत लिहिलेलीच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. मी नोंदणी केली ती काम तुटल्यानंतर. उशीर झाला होता. म्हणून सांगतो, नोंदणी पुढचं काम घेण्याआधी करा. आज रात्री घरी गेल्यावर करा.

यावर आपल्यातले काही जण म्हणतात, 'व्याज? ते आपल्याला चालत नाही.' ज्याच्या त्याच्या ईमानचा प्रश्न आहे, मी फतवा द्यायला उभा नाही. पण व्याज नको म्हणून मुद्दलही सोडून देणारे मी पाहिले आहेत. मुद्दल ही तुमची मजुरी आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशा अर्थाची हदीस आपण सगळे सांगतो. ती हदीस मजुरी मागणाऱ्याच्या बाजूने आहे, हे विसरू नका. मागणं म्हणजे लोभ नाही.

पुढचं काम घेताना कागदावर काय असावं? वकिली भाषा नको, साधी मराठी किंवा इंग्रजी चालते. काम नेमकं काय आणि काय त्यात धरलेलं नाही. किती टप्पे, प्रत्येक टप्प्याचे किती पैसे. इसार किती. मी आता तीस टक्के घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे. मध्येच थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि त्या दिवसापर्यंतच्या कामाचं काय. मी पंधरा दिवसांची सूचना किंवा पंधरा दिवसांचे पैसे असं लिहितो. दोघांनाही लागू, मलाही.

आणि एक ओळ सगळ्यांच्या लक्षात राहू दे. कोडची, डिझाइनची मालकी पूर्ण पैसे मिळाल्यावर तुमच्याकडे जाईल. आपल्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाची मालकी साधारणपणे मालकाची असते. स्वतंत्र काम करणाऱ्याचं तसं नाही. त्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो. म्हणून सही करण्याआधी बघा, पैसे मिळायच्या आतच मालकी देऊन तर टाकत नाही ना. तसंच 'काम संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या अशाच कंपनीचं काम करायचं नाही' अशी अट दिसली तर घाबरू नका. धंदा करण्यापासून रोखणाऱ्या अशा अटी करार कायद्याच्या कलम 27 मुळे भारतात सहसा टिकत नाहीत.

परदेशी गिऱ्हाइकाच्या बाबतीत हे सगळे कायदे पोचायला फार लांब आहेत. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून कायदा आहे, की 800 डॉलरपासून पुढच्या फ्रीलान्स कामाचा करार लेखी हवा आणि तारीख ठरलेली नसेल तर पैसे काम पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत द्यावेत. पण सांगली-साताऱ्यात बसून तिथे कोण भांडणार? तिथे खरं संरक्षण एकच, छोटे टप्पे आणि आगाऊ पैसे. प्लॅटफॉर्मवर टप्प्याची रक्कम आधी जमा ठेवायची सोय असेल तर जमा झाल्याचं दिसल्याशिवाय सुरू करू नका.

घरच्या हिशोबाचं एवढंच. फ्रीलान्सरने वर्षाचे बारा महिने धरू नयेत, नऊ धरावेत. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नवा हप्ता सुरू करू नये. आणि भिशीला अडीअडचणीचा पैसा समजू नये. भिशी चांगली आहे, आपल्या आयांनी तिच्यावर घरं उभी केली. पण काम थांबलं की भिशी तुम्हाला देत नाही, आधी मागते. नंबर शेवटचा असला तर अकरा महिने मागते.

आता त्या मुलीकडे येतो. तिला मी विसरलेलो नाही, आणि खरं तर आजचं भाषण तिच्यामुळेच आहे.

दुकानात त्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं, अब्बा कंपनीला नावं ठेवतील, मला धीर देतील. त्यांनी विचारलं, "तुझ्या हाताखाली कोण होतं?" मी सांगितलं. "तिचं दिलंस?" मी म्हटलं, मलाच मिळाले नाहीत, तिला कुठून देऊ? ते म्हणाले, "गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून मी काजं-बटनवाल्याचे बुडवले, असं तू कधी पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. काजं-बटन करणारे चाचा दर शनिवारी हिशोब घेऊन जात. दुकानात न नेलेल्या कपड्यांचा ढीग असला तरी.

मला कंपनीचा राग येत होता तो का? कारण त्यांनी त्यांची जोखीम माझ्या अंगावर ढकलली. आणि मी काय केलं होतं? तीच जोखीम आणखी खाली ढकलली, माझ्यापेक्षा कमी कमावणाऱ्या, माझ्यापेक्षा लहान, मला 'सर' म्हणणाऱ्या मुलीवर. तिच्याशी मी एक ओळ लिहिली नव्हती. तिच्याकडे टीडीएस नव्हता, वकील नव्हता, माझ्या नावाचा एक कागद नव्हता. तिने दावा लावला असता तर मी सहज म्हणू शकलो असतो, की असं काही ठरलंच नव्हतं. ही ताकद माझ्याकडे होती, आणि तिची मला जाणीवही नव्हती.

मी तिला फोन केला. मेसेज नाही, फोन. माफी मागितली. 15 हजार त्याच दिवशी दिले, उरलेले 12 हजार पुढच्या महिन्यात, गाडीचा एक हप्ता चुकवून. ती भिशीतून बाहेर पडली नाही. मी पुन्हा काम देऊ केलं तेव्हा ती म्हणाली, "सर, आधी लिहून पाठवा." मला वाईट वाटायला हवं होतं. पण बरं वाटलं. तिने पाठवलेल्या मसुद्यात माझ्या मसुद्यापेक्षा दोन मुद्दे जास्त होते. ते आता मी माझ्या करारातही घेतले आहेत.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आज काम मागणारे आहात. पाच वर्षांनी तुमच्यातले काही काम देणारे असतील. आपल्या वस्तीत, आपल्या ओळखीत, आपल्याच मुलामुलींना. 'आपलाच आहे, देईल नंतर' हे वाक्य तेव्हा तुमच्या सोयीचं असेल. त्या वेळी वही काढा.

जाण्याआधी एक काम करूया. मी माझ्या कराराचा एक पानी नमुना सोबत आणला आहे, साध्या मराठीत. कंपन्यांना पाठवायला इंग्रजीतही आहे. बाहेर टेबलावर ठेवतो. घेऊन जा, बदला, सुधारा. मागच्या बाजूला दुसरा नमुना आहे, तुम्ही कुणाला काम देताना वापरायचा. दोन्ही बाजू भरा. एकच बाजू वापरणार असाल तर तो कागद टेबलावरच राहू द्या.